बाळाला ऐकू येत नाही असं कळल्यावर : काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

मुलाच्या कानांचा रिपोर्ट नुकताच हातात पडला आहे आणि पुढं कुठं जायचं ते कळत नाही, अशा आईबापांसाठी हे लिहिते आहे. माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे. आता ती शाळेत जाते, भावाशी भांडते, शेजारच्या मुलींशी गप्पा मारते. मधल्या वर्षांत आम्हाला जी माहिती दहा ठिकाणांहून तुकड्यातुकड्यानं मिळाली ती इथं एका जागी, क्रमानं ठेवते. मी महाराष्ट्रात राहते, त्यामुळं दवाखाने, कार्यालयं आणि योजना इथल्या आहेत.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत मूल भाषा जितक्या सहज उचलतं तितक्या सहज नंतर कधीच उचलत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक कामाला मी एकच कसोटी लावते : यामुळं मुलापर्यंत भाषा लवकर पोचते की उशिरा? मशीन (म्हणजे श्रवणयंत्र), ऑपरेशन, सर्टिफिकेट, शाळा ही सगळी कामं या कसोटीवर घासून घ्या. काय आज करायचं आणि काय दोन महिन्यांनी चालेल ते आपोआप कळतं.

१. तपासणी अर्धवट सोडू नका

नवजात बाळाची पहिली तपासणी बहुधा ओएई असते. कानात छोटी नळी ठेवून दोन मिनिटांत होते. तपासणीच्या यंत्रावर ‘पास’ किंवा ‘रिफर’ असं येतं. ‘रिफर’ म्हणजे बहिरेपण ठरलं असं नव्हे. कानात मळ किंवा पाणी असलं तरी ‘रिफर’ येतं. पण पुन्हा तपासायला हवं, आणि लवकर.

खरं निदान होतं ते बेरा तपासणीतून. बाळ गाढ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानामागं इलेक्ट्रोड लावतात, कानात आवाज देतात आणि आवाजाचा निरोप नसेतून पुढं जातो का ते पाहतात. सोबत मधल्या कानाची इम्पिडन्स तपासणी होते. कोणत्या स्वराला किती कमी ऐकू येतं याचा अंदाज घेण्यासाठी एएसएसआर करतात. मशीन लावायचं तर हा अंदाज उपयोगी पडतो, म्हणून बेरासोबत एएसएसआरबद्दल विचारा.

बाळ काचेच्या पेटीत होतं, कावीळ जास्त चढली होती, वजन फार कमी होतं किंवा मेंदूज्वर झाला होता, तर ओएई पास झाली तरी बेरा करून घ्या. आतला कान चालतो पण नस निरोप नीट नेत नाही, असा एक प्रकार असतो आणि तो ओएईत पकडला जात नाही. मेंदूज्वरानंतर तर एक आठवडाही घालवू नका. त्या आजारात आतल्या कानाच्या शंखात हाड भरत जातं आणि पुढं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशननं आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवणं अवघड होतं.

जगभर पाळला जाणारा नियम सोपा आहे : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी (ऐकायला-बोलायला शिकवणं) सुरू. तुमचं मूल या वयाच्या पुढं गेलं असेल तर मागचा हिशेब करत बसू नका. आजपासून सुरू करा.

तपासणी कुठं होते? प्रत्येक जिल्ह्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. सिव्हिलमध्ये ‘डीईआयसी’ म्हणून विचारा. जन्मजात बहिरेपण त्या कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळं अंगणवाडीत किंवा शाळेत येणारं तपासणी पथकही तुम्हाला तिथं पाठवू शकतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागातही सोय असते. मुंबईत नायर आणि केईएम आहेत, आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था खास वाचा आणि श्रवण याच कामाची आहे. तपासणी, मशीन, थेरपी आणि कॉक्लिअरची सरकारी योजना हे सगळं तिथं एका छताखाली आहे. लांबून यायचं असलं तरी एकदा तरी जाऊन या.

बेराच्या दिवशी बाळाला पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, दूध तिथं पोचल्यावर पाजा. बाळ झोपलं नाही तर तपासणी होत नाही आणि पुढची तारीख कधीकधी फार लांबची मिळते.

आता घरातल्या अडचणी. थाळी वाजवली की बाळ दचकतं, म्हणून त्याला ऐकू येतं असं कोणीतरी नक्की म्हणेल. थाळीचा मोठा आवाज अंगाला जाणवतो, हवा हलते, सावली पडते. त्या दचकण्यावरून बोलणं ऐकू येतं का ते कळत नाही. ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’, ‘जिभेला वेखंड लावा’, ‘जिभेखालचा तंतू कापून घ्या’ असे सल्ले येतील. ऐकू येत नाही म्हणून मूल बोलत नाही, जिभेचा त्यात दोष नसतो. वेखंड लावायचं की नाही ते घरातल्या मोठ्यांवर सोडा, पण त्यापायी बेराची तारीख पुढं ढकलू नका.

आणि ग्रहणात बाहेर पडलीस म्हणून असं झालं, हे कोणत्याही बाईनं ऐकून घेऊ नये. दहापैकी नऊहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. पुष्कळदा कारण जनुकांत असतं. आईबाप दोघांकडं दोषाची एकेक प्रत असते, दोघांनाही ती माहीत नसते आणि दोघांनाही उत्तम ऐकू येतं. नात्यात लग्न झालं असेल तर ही शक्यता वाढते. गरोदरपणातला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, मेंदूज्वर, काही प्रतिजैविकं ही इतर कारणं. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर जनुकीय सल्ला घ्या.

२. रिपोर्ट वाचायला शिका

रिपोर्टवर डेसिबल, म्हणजे आवाज मोजायचं माप, लिहिलेले असतात. आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. ७० डेसिबल म्हणजे ७० टक्के नव्हे, ही दोन वेगळी मोजमापं आहेत आणि पुढं सर्टिफिकेटच्या वेळी यातूनच सगळा गोंधळ होतो. ढोबळ मानानं २६ ते ४० डेसिबल सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि ९० च्या वर अतितीव्र. साधं बोलणं साधारण ५० ते ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे मध्यम कमतरतेच्या मुलालाही तुमचं बोलणं तुटक तुटक ऐकू येतं. ते हाकेला वळतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की ठीक आहे, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ असे बारीक आवाज त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाहीत. अशा मुलांचं निदान सर्वांत उशिरा होतं.

प्रत्येक रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, फोनमध्ये फोटो ठेवा, आणि तारखेनुसार एकाच फायलीत लावा. ही फाईल पुढची वीस वर्षं लागणार आहे.

३. मशीन : घेण्याआधी आणि घेतल्यावर

श्रवणयंत्राला आमच्यात सगळे मशीनच म्हणतात. लहान मुलाला कानामागं बसणारं डिजिटल मशीन लागतं आणि कानाच्या मापाचा मोल्ड (कानात बसणारा साचा) लागतो. दोन्ही कानांत कमतरता असेल तर दोन्ही कानांना मशीन.

ते कोण लावून देतं याला फार महत्त्व आहे. ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन बसवून देणारा तज्ज्ञ) भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं. कंपनीच्या दुकानात बसलेला प्रत्येक माणूस ऑडिओलॉजिस्ट नसतो. एका ठिकाणी आम्हाला बेराचा रिपोर्ट न उघडताच सर्वांत महागडं मॉडेल दाखवायला सुरुवात झाली होती. रिपोर्ट न पाहता मशीन दाखवणाऱ्या दुकानातून उठून या. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ‘कान का मशीन’ मुलाला कधीही लावू नका. ते सगळेच आवाज सारखे वाढवतं, मोठे आवाजसुद्धा, आणि उरलेलं ऐकणं बिघडू शकतं.

विकत घेण्याआधी हे विचारा : ट्रायल किती दिवस देणार, मुलाच्या रिपोर्टप्रमाणं प्रोग्रॅमिंग कोण करणार, पुढच्या प्रोग्रॅमिंगचे वेगळे पैसे आहेत का, दुरुस्तीच्या काळात बदली मशीन मिळेल का, आणि मशीन लावून ऐकण्याची तपासणी करून देणार का. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर कारण विचारा.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत मशीन मोफत मिळू शकतं. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. एकदा मिळाल्यावर मोठ्यांना तीन वर्षं पुन्हा मागता येत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र वर्षभरानं मागता येतं. शिबिरात मशीन मिळालं तर ते घेऊन लगेच ऑडिओलॉजिस्टकडं जा आणि आपल्या मुलाच्या रिपोर्टप्रमाणं बसवून घ्या. नीट न बसवलेलं मशीन मूल काढून फेकतं, आणि मग घरात ‘त्याला नकोच आहे’ असं ठरून ते कपाटात जातं.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी :

- मशीन शिट्टी मारायला लागलं की बहुधा मोल्ड सैल झालेला असतो. बाळाचा कान वाढतो, त्यामुळं पहिल्या दोन वर्षांत मोल्ड वरचेवर बदलावा लागतो. तो खर्च धरून ठेवा.
- बॅटरीचे आकार रंगावरून ओळखतात : १० पिवळी, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळी. मागचं स्टिकर काढलं की ती संपायला लागते, म्हणून आधीच सोलून ठेवू नका.
- बॅटरी गिळली तर जिवावर बेतू शकतं. बॅटरीच्या दाराला लहान मुलांसाठीचं कुलूप मागून घ्या. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात.
- कोकणातली, मुंबईची दमट हवा आणि पावसाळा मशीनचा शत्रू. रात्री बॅटरी काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवा.
- जागेपणी पूर्ण वेळ मशीन कानात हवं. थेरपीपुरतं लावून घरी काढून ठेवलं तर त्याचा काही उपयोग होत नाही.

४. भाषा आजपासून

या पायरीला मी चौथा क्रमांक दिला आहे तो केवळ लिहिण्याच्या सोयीसाठी. मशीन यायचं आहे, बेराची तारीख पुढची आहे, तरी हे काम आज संध्याकाळी सुरू होऊ शकतं.

बाळाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू दे. खिडकीकडं पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा त्याला काळा दिसतो. टीव्ही बंद. मशीन लावलं असलं तरी हाताच्या अंतरात या, कारण लांबून आलेला आवाज घरातल्या बाकी गोंगाटात मिसळतो. एकेकटे शब्द घोकवू नका, पूर्ण वाक्यं बोला : ‘बघ, मी पोळी लाटते. गोल झाली. आता तव्यावर टाकू या. गरम आहे हं!’ मूल जिकडं बघतंय त्याच गोष्टीबद्दल बोला. भाषा येते ती अशी, रोजच्या कामातून.

थेरपी कोणत्या भाषेत? तुम्ही घरात जी बोलता तिच्यात. पुढं इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून आई अडखळत इंग्रजी बोलते, आजी मराठी, थेरपिस्ट हिंदी, आणि मुलाला एकाही भाषेचं पुरतं वाक्य मिळत नाही. आजी-आजोबा, मामा-मावशी ज्या भाषेत बोलतात तीच पहिली ठेवा. थेरपिस्टही पुनर्वास परिषदेकडं नोंदणीकृत असावा, आणि तुम्हाला खोलीत बसू देणारा असावा. आठवड्यातला तासभर त्याचा, उरलेला सगळा वेळ तुमचा. दार बंद करून मुलाला आत नेणारी आणि आईला बाहेर बाकावर बसवणारी थेरपी मला पटत नाही.

आता सांकेतिक भाषेबद्दल. ‘खुणा शिकवू नका, मूल आळशी होईल, बोलणार नाही’ असं तुम्हाला सांगितलं जाईल, कधी शेजारी सांगतील, कधी शिकलेसवरलेले लोक. आम्हालाही सांगितलं गेलं. आम्ही ऐकलं नाही आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. खुणा शिकल्यानं बोलणं थांबत नाही. ‘दूध’, ‘अजून’, ‘संपलं’, ‘दुखतंय’, ‘बाबा कुठं’ हे ज्या मुलाला हातानं सांगता येतं त्याच्या डोक्यात भाषा रुजलेली असते. मशीन किंवा इम्प्लांट चांगलं चाललं तर तीच भाषा तोंडावर यायला मदत करते. आणि नाही चाललं, तर मूल भाषेवाचून उरत नाही. इम्प्लांट होईपर्यंत थांबा, मग थेरपी, मग वर्षभर वाट बघा, अशात चार वर्षांची झालेली आणि एकही भाषा नसलेली मुलं मी पाहिली आहेत. बुद्धीनं ती कुठंही कमी नव्हती. त्यांच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

कुठं शिकायचं? दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ साली स्थापन झालेलं. त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्दांचे व्हिडिओ आहेत, यूट्यूबवर फुकट. २०२२ मध्ये आलेलं ‘साइन लर्न’ हे ॲप त्याच शब्दकोशावर चालतं. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही वाहिन्यांपैकी ३१ क्रमांकाची वाहिनी पूर्णपणे भारतीय सांकेतिक भाषेची आहे. मुंबईच्या ‘इंडिया सायनिंग हँड्स’चे बातम्यांचे आणि माहितीचे व्हिडिओ कर्णबधिर माणसांनी स्वतः केलेले आहेत. सराव झाल्यावर ते जरूर बघा.

यूट्यूबवर शिकताना एक फसगत होते. पुष्कळ व्हिडिओ अमेरिकन सांकेतिक भाषेचे असतात. ओळखण्याची सोपी खूण : इंग्रजी मुळाक्षरं एका हातानं दाखवत असतील तर ते अमेरिकन. आपल्याकडं ती दोन हातांनी करतात. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या काही खुणांत थोडा फरक दिसेल, त्यानं बिचकू नका, मराठीतही तो असतोच. आणि ही हातांनी केलेली मराठी नाही, तिचं व्याकरण तिचं स्वतःचं आहे. ‘तू कुठं जातोस’ यातलं ‘कुठं’ तिथं शेवटी येतं, भुवयांच्या हालचालीसकट. चेहरा कोरा ठेवून केलेल्या खुणा कर्णबधिर माणसाला निर्जीव वाटतात.

म्हणून माणसांकडून शिका. जवळपास जिल्ह्याची कर्णबधिर संघटना असेल. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात कर्णबधिरांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह असतो आणि २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषा दिन. त्या दिवसांत कार्यक्रम होतात, मुलाला घेऊन जा. नोकरी करणारी, संसार करणारी, मोटारसायकल चालवणारी कर्णबधिर माणसं एकदा पाहिली की आपल्या मुलाबद्दलची निम्मी भीती जाते. मुलालाही कळतं की आपल्यासारखं मोठं माणूस असतं.

घरातल्या सगळ्यांनी शिकायचं. एकट्या आईला खुणा येत असतील तर मुलाचं सगळं जग आईपाशी संपतं. आमच्याकडं सर्वांत आधी सासूबाई शिकल्या, देवघरातल्या प्रत्येक वस्तूची खूण त्यांना हवी होती.

५. कॉक्लिअर इम्प्लांटचा निर्णय

अतितीव्र कमतरतेत चांगल्या मशीननंही फायदा झाला नाही, तर इम्प्लांटचा विचार होतो. आधी सीटी आणि एमआरआय करून आतल्या कानाची रचना आणि ऐकण्याची नस आहे की नाही ते पाहतात. मेंदूज्वराचा धोका टाळण्यासाठी न्यूमोकोकलची लस ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी बाहेरचं मशीन (प्रोसेसर) लावून इम्प्लांट चालू करतात. त्या दिवसाचे टाळ्या वाजवणारे, रडणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बरीच मुलं प्रत्यक्षात घाबरून रडतात. मेंदूला तो आवाज ओळखायला शिकवावं लागतं, त्यात महिने जातात. सुरुवातीला मॅपिंगसाठी (मुलाच्या ऐकण्याप्रमाणं प्रोसेसर जुळवून घेण्यासाठी) वरचेवर जावं लागतं आणि थेरपी काही वर्षं चालते. ऑपरेशन झालं आणि थेरपी झाली नाही, तर इतका खर्च पाण्यात.

खासगीत हा खर्च काही लाखांत जातो. मदतीचे दोन मोठे मार्ग :

- ॲडिप योजना. जन्मजात कर्णबधिर मुलांसाठी १ ते ५ वर्षं हे वय आहे. योजनेतलं इम्प्लांटचं काम देशभरासाठी अली यावर जंग संस्थाच पाहते. त्यासाठी स्वतंत्र पोर्टल आहे. नोंदणी, छाननी, प्रतीक्षा यादी यात वेळ जातो. मूल चार वर्षांचं झाल्यावर अर्ज केला तर यादीतच वय निघून जातं. पक्का निर्णय झाला नसला तरी चौकशी मूल वर्षाचं व्हायच्या आत करा.
- मुख्यमंत्री सहाय्यता निधी. आजारांच्या यादीत कॉक्लिअर इम्प्लांट २ ते ६ वर्षं वयासाठी आहे. तहसीलदारांचा १.६० लाखांच्या आतला वार्षिक उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार आणि रुग्णालयाची निधीकडं नोंदणी असावी लागते. ही पूर्ण रक्कम नसते, बाकीच्यासाठी धर्मादाय ट्रस्टकडं जावं लागतं. त्यांची यादी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडं असते. त्या माणसाला आवर्जून भेटा.

कंपनीच्या माणसाला विचारायचे प्रश्न घरून लिहून न्या : बाहेरच्या प्रोसेसरची वॉरंटी किती, कॉइल (डोक्याला चिकटणारा बाहेरचा भाग) आणि केबल तुटली तर किती रुपये, आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस आहे का, पुढं कधी एमआरआय करावा लागला तर काय, आणि प्रोसेसर जुना झाल्यावर नव्याला किती लागतील. फुकट इम्प्लांट मिळालेल्या घरांतही वॉरंटी संपल्यावर केबलच्या पैशांअभावी मशीन बंद पडलेलं मी पाहिलं आहे. दरमहा थोडी रक्कम त्यासाठी बाजूला टाका.

इम्प्लांट करायचं नाही असंही काही आईबाप ठरवतात, आणि काही मुलांना वैद्यकीय कारणानं ते करता येत नाही. त्यांच्या मुलांना सांकेतिक भाषा भरभरून मिळाली, तर तीही शिकतात, मोठी होतात. ठरवताना कर्णबधिर मोठ्या माणसांशीही बोला, केवळ डॉक्टरांशी नको.

६. यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि हे कार्ड दोन्हींसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. लागणारी कागदपत्रं :

- मुलाचं आधार (पाच वर्षांखालचं निळं बाल आधार चालतं) आणि आईवडिलांचं आधार
- जन्माचा दाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- रहिवासाचा पुरावा
- बेरा, ऑडिओमेट्री असे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, मूळ प्रत आणि झेरॉक्स
- तुमचा चालू मोबाइल नंबर

अर्ज झाला की सिव्हिल किंवा पोर्टलवर निवडलेल्या रुग्णालयात तपासणी होते. कानाच्या तपासणीचे वार ठरलेले असतात, फोन करून मगच निघा. बाहेरचा बेरा रिपोर्ट असला तरी काही ठिकाणी पुन्हा करायला लावतात. मग कार्ड येतं : ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यावर निळं.

टक्के कसे काढतात? चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचनं गुणायचं, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि सहानं भागायचं. म्हणून एक कान पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर उत्तर १७ च्या आसपास येतं आणि बहुतेक सवलती मिळत नाहीत. यात कोणी तुम्हाला फसवलेलं नसतं, सूत्रच तसं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल कमतरता म्हणजे कर्णबधिर आणि ६० ते ७० म्हणजे ऐकण्यास कठीण, अशी व्याख्या आहे.

आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकच आहे ना ते अर्जाआधी बघा. एका वेलांटीच्या फरकानं अर्ज अडतो. लहान मुलाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि गेटवर ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. खोटं प्रमाणपत्र पुढं नोकरीच्या वेळी तपासलं जातं आणि मुलाच्या अंगाशी येतं.

७. सवलती, थोडक्यात

एसटीत ४० टक्के आणि त्यावर अपंगत्व असेल तर ७५ टक्के भाडेसवलत आहे. रेल्वेची सवलत बहिरेपण आणि मुकेपण दोन्ही एकाच व्यक्तीत असेल तरच मिळते, नुसत्या कमी ऐकू येण्यावर नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. मशीन, बॅटऱ्या यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आयकराच्या जुन्या करप्रणालीत पालकांना ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के आणि त्यावर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. नववीपासून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या असतात. निरामय विमा योजनेचं नाव कोणी सुचवलं तर हेलपाटा घालू नका. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे.

८. शाळा

विशेष शाळा की साधी शाळा, याचं एकच उत्तर नाही. मुलाला वर्गात चाललेलं किती कळतंय, हे बघा. साध्या शाळेत शेवटच्या बाकावर वही उतरवत बसलेलं मूल ‘रुळलं’ असं समजू नका. विशेष शाळेत चौकशीला गेलात की मधल्या सुट्टीत मुलं आपापसांत कशी बोलतात आणि शिक्षकांना त्यांचं कळतं का, ते उभं राहून बघा. सहा वर्षांच्या मुलाला लांबच्या वसतिगृहात ठेवायची वेळ आली तर घरातल्यांनी खुणा शिकल्या पाहिजेत. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत मूल स्वतःच्या घरात पाहुणं होतं.

दिव्यांग हक्क कायद्यानं किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षं वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रवेश नाकारला तर लेखी कारण मागा. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती असतात. त्यांचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात २०२१ पासून भारतीय सांकेतिक भाषा हा विषय घेता येतो. उच्च शिक्षणात दिव्यांगांना ५ टक्के जागा आहेत आणि सरकारी नोकरीत ४ टक्के, त्यातला १ टक्का कर्णबधिरांचा. मुंबईत ‘टीच’ ही संस्था कर्णबधिर मुलांना सांकेतिक भाषेतून पदवीचं शिक्षण देते.

साध्या शाळेत घालत असाल तर एका पानावर वर्गशिक्षकांसाठी हे लिहून द्या : मुलाला पहिल्या-दुसऱ्या रांगेत, चांगला कान शिक्षकांकडं येईल असं बसवा. फळ्याकडं तोंड करून बोलू नका. श्रुतलेखन घेताना वर्गात फिरू नका. ‘कळलं का’ असं विचारू नका, मूल मान डोलावेल, त्याऐवजी काय कळलं ते सांगायला लावा. दुसरं मूल उत्तर देत असेल तर कोण बोलतंय ते हातानं दाखवा. मशीन बंद पडलं तर बॅटरी कशी बदलायची त्याचं चित्र आणि तुमचा फोन नंबर खाली. जास्तीच्या दोन बॅटऱ्या कंपासपेटीत. रिमोट माइक (शिक्षकांचा आवाज थेट मशीनमध्ये पोचवणारा माइक) असेल तर तो कसा लावायचा तेही. वर्ग बदलला की शिक्षक बदलतात आणि जुन्या बाईंना दिलेलं पान नव्या बाईंपर्यंत पोचत नाही, तेव्हा दर जूनमध्ये नवी प्रत घेऊन स्वतः भेटा, मुलाला सोबत घेऊन.